सेवा बंद, बिल चालू: घरच्या इंटरनेटच्या तक्रारी, अनुभव आणि उपाय

रेवती_मांजरी

नमस्कार मंडळी. घरच्या फायबर इंटरनेटवरून कंपनीशी वाद चालू आहे. जाणकारांकडून नीट माहिती हवी, म्हणून हा धागा काढतेय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. शेजारच्या सोसायटीत वेगळी कंपनी आहे आणि तिथेही हीच रड आहे, त्यामुळे चर्चा एका कंपनीवर अडकायला नको.

पुण्याजवळ मांजरीत नवीन फ्लॅटमध्ये यायच्या आधी कंपनीच्या साइटवर पिनकोड टाकून बघितला. ‘आपल्या भागात सेवा उपलब्ध आहे’ असं लगेच आलं. फोनवरचा मुलगाही म्हणाला, ‘मॅडम, फिजिबल आहे, दोन दिवसांत लागून जाईल.’ जाहिरातीत महिना ४९९ रुपये. भरताना त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि सहा महिन्यांचे एकदम भरले तर इन्स्टॉलेशन फुकट. म्हणजे ३,५३३ रुपये आधीच गेले. मग लाइनमन आला आणि म्हणाला, ‘तुमच्या बिल्डिंगपर्यंत लाइनच नाही, आणि चौकातल्या बॉक्समध्ये पोर्ट शिल्लक नाही.’ पोर्ट मिळून लाइन यायला बरेच दिवस गेले. ॲपमध्ये प्लॅनची तारीख मात्र पैसे भरल्या दिवसापासून धावत होती.

ते कसंबसं मार्गी लागलं, तर पावसाळ्याच्या तोंडावर रस्त्यात ड्रेनेजचं काम निघालं आणि जेसीबीने केबल तोडली. राउटरवर लाल दिवा. तक्रार केली की संध्याकाळी मेसेज येतो, ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे.’ प्रत्यक्षात कोणी फिरकलेलं नसतं. एकदा एक मुलगा आला, वायर बघितली, ‘लाइन मागूनच बंद आहे’ म्हणाला आणि जाता जाता ओटीपी मागायला लागला. ‘द्या ना मॅडम, नाहीतर माझी टीएटी, म्हणजे तक्रार सोडवायची ठरलेली वेळ, जाते, पगारातून कापतात.’ मी दिला नाही. तरी ऑफिसातून तक्रार बंद झालीच.

मी दहावीच्या मुलांचे गणिताचे क्लास ऑनलाइन घेते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर फळा दिसायचा तर आवाज जायचा. पालकांचे फोन मला येतात, कंपनीला नाही. बंद काळाचे पैसे परत मागितले तर उत्तर आलं, ‘पॉलिसीमध्ये बसत नाही.’

मला विचारायचंय ते हे: लाइन लागायच्या आधीपासूनचे पैसे ते धरू शकतात का? बंद काळाचे पैसे मागण्याचा हक्क आहे, की ती त्यांची मेहरबानी? आणि दाद नेमकी कुठे मागायची?

स्प्लायसर_भाऊ

ताई, मी याच कामात आहे, दुसऱ्या जिल्ह्यात.

लाल दिव्याखाली एलओएस लिहिलेलं असेल. त्याचा अर्थ तुमच्या राउटरपर्यंत फायबरमधून उजेडच पोचत नाही. वायफाय, पासवर्ड, राउटरचं वय, कशाचाही संबंध नाही. कॉल सेंटरवरून ‘राउटर बंद करून चालू करा’ सांगतात तेव्हा सरळ म्हणायचं, ‘एलओएस लाल आहे, फायबर ब्रेक आहे, स्प्लायसिंगवाला, म्हणजे तुटलेली फायबर जोडणारा, पाठवा.’ दिव्याचा फोटो रोज काढून ठेवा. पुढे तोच कामाला येतो.

माणूस आला की त्याला मीटर लावायला सांगा. उजेडाची ताकद डीबीएममध्ये मोजतात, घरातल्या टोकाला उणे २० डीबीएमच्या आसपास आकडा आला तर लाइन चांगली. उणे २७ च्या पलीकडे, म्हणजे उणे २८-२९ कडे, गेला की लाइन टिकत नाही, मग नेट दर अर्ध्या तासाने जातं-येतं आणि लोक वायफायला दोष देतात. आकड्याचाही फोटो घ्या. आम्ही कोणी नाही म्हणत नाही.

पोर्टचं सांगतो. एक फायबर येते, तिला स्प्लिटर लावून ३२ किंवा ६४ घरं जोडतात. अशा वाटून घेतलेल्या नेहमीच्या फायबर लाइनवर (तिला जीपॉन म्हणतात) खाली येणारा वेग त्या सगळ्यांत मिळून अडीच गिगाबिटच्या आसपास. स्प्लिटर भरला की नवीन घर घेता येत नाही. साइटला एवढंच ठाऊक असतं की त्या पिनकोडमध्ये कुठेतरी आपली फायबर आहे. मांजरीचा पिनकोड केवढा पसरलाय! पैसे घ्यायच्या आधी माणूस पाठवून पोर्ट आणि अंतर बघता येतं, तासाभराचं काम आहे. पण कनेक्शन विकणाऱ्याचं टार्गेट वेगळं आणि लाइन ओढणाऱ्याचं वेगळं, म्हणून बघत नाहीत.

ओटीपीबद्दल तो मुलगा खोटं बोलत नव्हता. आम्हाला प्रत्येक तक्रारीला तास ठरवून दिलेले असतात, ते उलटले की इन्सेंटिव्ह जातो. तरीही देऊ नका. ओटीपी दिला म्हणजे काम झालं अशी तुमची सही झाली. त्याला पाणी विचारा, नीट बोला, पण नेट चालू झाल्याशिवाय आकडा सांगू नका.

निवृत्त_लेखनिक

स्प्लायसर भाऊंनी फार उपयोगी लिहिलं. हिशोबाच्या बाजूने भर घालतो.

३,५३३ भागिले १८० दिवस, म्हणजे दिवसाला १९ रुपये ६३ पैसे. वीस रुपयांसाठी कोण भांडतं, हे धरूनच ही पॉलिसी चाललेली असते. एका स्प्लिटरवर ३२ घरं धरली तर केबल तुटलेल्या प्रत्येक दिवशी त्या एका डब्यापाठी सहाशेहून जास्त रुपये न दिलेल्या सेवेचे जमा होतात. म्हणून रक्कम लहान वाटली तरी रेवतीताईंनी मागावीच.

आणखी एक, पावती काढून बघा. त्यावर कंपनीचं नाव आणि जीएसटी क्रमांक आहे, की गल्लीतल्या केबलवाल्याचं? बऱ्याच ठिकाणी जाहिरात कंपनीची, लाइन फ्रँचायझीची आणि पैसे घेणारा तिसराच असतो. तक्रार करायला गेलं की तिघं एकमेकांकडे बोट दाखवतात. ज्याच्या नावाची पावती, त्याला पहिलं पत्र.

ॲडव्होकेट_सातारा

रेवतीताई, क्रमाने सांगतो. थोडं लांबेल.

ट्रायकडे, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे, थेट तक्रार करा असं लोक सांगतात, पण ट्राय एकेका ग्राहकाचा वाद ऐकत नाही. ट्राय नियम करते. त्या नियमांत २०१२ पासून दोन पायऱ्या ठरलेल्या आहेत. पहिली कंपनीचं तक्रार केंद्र. तिथे प्रत्येक तक्रारीला डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, मिळालाच पाहिजे. दुसरी पायरी अपिलाची. कंपनीत ‘अपेलेट ऑथॉरिटी’ असते, तिचा ईमेल पत्ता कंपनीच्या साइटवर असतो, बहुतेक वेळा अगदी तळाशी बारीक अक्षरांत. तक्रार न सोडवता बंद केली, किंवा मुदत उलटली, तर ३० दिवसांत अपील करायचं. फी नाही. ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. अपील आधी दोघांच्या सल्लागार समितीपुढे जातं, त्यात एक कंपनीचा आणि एक ग्राहक संघटनेचा सदस्य असतो. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ लोकांनी ही दुसरी पायरी ऐकलेलीच नसते. ते कॉल सेंटरवरच महिने घालवतात.

आता हक्काचा प्रश्न. ट्रायने सेवेच्या दर्जाचे नवे नियम २ ऑगस्ट २०२४ ला काढले, ते १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. त्यात घरच्या लाइनवरचा बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही तर ग्राहकाला भरपाई द्यायची आहे, पोस्टपेड असो वा प्रीपेड. पोस्टपेडला भाड्यात सूट, प्रीपेडला मुदतवाढ. नवीन ब्रॉडबँड कनेक्शनही पैसे भरल्यापासून सात दिवसांत चालू व्हावं, असा निकष आहे. म्हणजे ‘पॉलिसीत बसत नाही’ हे उत्तर टिकत नाही. कंपनीची पॉलिसी नियमाच्या वर नसते.

लाइन लागायच्या आधीच्या दिवसांचे पैसे तर सरळ न दिलेल्या सेवेचे आहेत. ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा, दोन्हींत ते बसतं.

आणि ग्राहक आयोगात जाता येतं का, असं कोणी विचारेलच. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात म्हटलं होतं की टेलिफोन बिलांचे वाद तार कायद्यातल्या लवादाकडे जावेत, ग्राहक मंचाकडे (आताच्या ग्राहक आयोगाकडे) नाही. तो निकाल पुढे करून कंपन्या वर्षानुवर्षं तक्रारी फेटाळून घ्यायच्या. १६ फेब्रुवारी २०२२ ला न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात हा प्रश्न मिटवला. अहमदाबादच्या एका ग्राहकाचं बिल एरवी महिना सरासरी ५५५ रुपये यायचं, ते २०१३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये २४,६०९ रुपये आलं. कंपनीचं म्हणणं, ग्राहक मंचाला अधिकारच नाही. न्यायालयाने सांगितलं, आहे. ग्राहकाला हवा तो मार्ग तो निवडू शकतो.

जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, वकील लागत नाही, आणि २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीचं ऑफिस मुंबईत की गुरुग्रामला, याने फरक पडत नाही. मुदत दोन वर्षांची. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. तिथून कंपनीला विचारणा जाते आणि पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात.

तालुका_केबल

मी तालुक्याच्या गावात केबल आणि नेट दोन्ही देतो. इथे सगळे ग्राहक बोलतायत, आमची बाजूही यावी म्हणून लिहितो.

फायबर तुटते ती आम्ही तोडत नाही. ठेकेदार रात्री खोदतो, सकाळी अख्खा भाग बंद. महावितरणच्या खांबावर केबल असली तर झाडाच्या फांद्या छाटताना तीही जाते. कोण भरपाई देतं? मागच्या पावसाळ्यात पुलाजवळची केबल वाहून गेली, दोन्ही बाजूला उभं राहून पोरांनी रात्रभर ओढली. ग्राहकाला फक्त लाल दिवा दिसतो. शिवाय तीन-तीन महिने पैसे न देणारे, लाइन कापली की राजकारण्याचा फोन आणणारे, हेही आहेतच.

मी स्वतः दोन दिवसांवर बंद राहिलं तर तेवढे दिवस पुढे वाढवून देतो. कोणी मागायची वाट बघत नाही. पण वरची कंपनी माझ्याकडून बँडविड्थचे पैसे पूर्ण महिन्याचे घेते. ते माझ्या खिशातून जातात, एवढं लक्षात असू द्या.

रेवती_मांजरी

तालुका केबल दादा, तुम्ही न मागता दिवस वाढवून देता हे वाचून खरंच बरं वाटलं. मी एवढंच मागतेय. जेसीबीने तोडली हे मलाही दिसत होतं, मी त्या खड्ड्यावरूनच रोज जाते. माझा राग तुटण्याबद्दल नाही. ‘सोडवण्यात आली आहे’ असा खोटा मेसेज पाठवण्याबद्दल आहे.

ॲडव्होकेट_सातारा

तालुका केबल, तुमच्या कष्टांबद्दल आदर आहे, पण एक फरक करायला हवा. ग्राहकाचा करार तुमच्याशी आहे, ठेकेदाराशी नाही. नुकसान ठेकेदाराने केलं तर ते त्याच्याकडून वसूल करायचं तुम्ही, ग्राहकाने त्याचा भार उचलायचा नाही. यासाठीच केंद्राने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲप आणलं. खोदणाऱ्याने आधी नोंद करायची, म्हणजे खाली कोणाची केबल आहे त्याला सूचना जाते. खोदताना नोंद केली होती का, हे तुम्ही लेखी विचारू शकता. छोट्या ऑपरेटरांनी एकत्र येऊन नगरपालिकेकडे हा आग्रह धरायला हवा.

तालुका_केबल

ॲप माहीत आहे. आमच्या इकडे अजून एकाही ठेकेदाराने नोंद केल्याची सूचना मला आलेली नाही. पण लेखी विचारण्याचं पटलं. मुख्याधिकाऱ्यांना पत्र देतो.

बी_विंग_सचिव

ठाण्याहून. आमच्याकडे वेगळाच गुंता. बिल्डरने ताबा देतानाच एका कंपनीशी करार केला, डक्टची, म्हणजे इमारतीत केबल टाकायच्या मार्गाची, किल्ली तिच्याकडे. दुसऱ्या कोणाला केबल टाकू देत नाहीत. मग शंभर एमबीपीएसचं मागा नाहीतर चाळीसचं, दर तोच आणि सेवा तीच. सोसायटी आमच्या ताब्यात आल्यावर सर्वसाधारण सभेत ठराव करून डक्ट सगळ्यांना खुला केला. दुसरी कंपनी आल्याबरोबर पहिलीने दर उतरवले आणि लाइनमन त्याच दिवशी यायला लागला. ज्यांची सोसायटी नुकतीच स्थापन झाली आहे त्यांनी बिल्डरकडची कागदपत्रं घेताना इंटरनेट आणि केबलचे करार आवर्जून मागून घ्यावेत. ट्रायने २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीवरून मानांकन द्यायचे नियमही केले आहेत, नवीन घर घेणाऱ्यांनी बिल्डरला त्याबद्दल विचारावं.

आयोवाकर

मी मूळचा नगरचा, सध्या अमेरिकेत, गावापासून दूर शेतांमध्ये घर आहे. ‘उपलब्ध आहे’ या दाव्याबद्दल इथे जे घडलं ते सांगण्यासारखं आहे.

इथे दूरसंचाराचं नियमन करणारी एफसीसी पूर्वी कंपन्यांकडून ‘फॉर्म ४७७’ नावाचा तक्ता घ्यायची. त्यात जनगणनेच्या एका गटात एकाही घराला सेवा देता येत असेल तर अख्खा गट ‘सेवा आहे’ असा रंगायचा. खेड्यात हा गट मैलोनमैल पसरलेला असतो. हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपाला लाइन आहे म्हणून माझ्या घरालाही आहे, असं कागदावर. अशा कागदावरून सरकारी पैसा कुठे जायचा ते ठरत होतं, आणि ज्यांच्याकडे खरंच काही नव्हतं ते वगळले जात होते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये घराघराचा नवा नकाशा आला. त्यात स्वतःचा पत्ता शोधायचा, कंपनीने काय दावा केलाय ते दिसतं, आणि तो खोटा असेल तर साध्या नागरिकालाही तिथल्या तिथे आव्हान देता येतं. ‘कंपनीने जोडणी द्यायला नकार दिला’, ‘मागणी करून दहा कामकाजाच्या दिवसांत आले नाहीत’, अशी कारणं निवडायची आणि पुरावा जोडायचा. कंपनीला मग सिद्ध करावं लागतं, नाहीतर दावा काढावा लागतो. खेड्यांतल्या ब्रॉडबँडसाठी ठेवलेल्या ४२.४५ अब्ज डॉलरची राज्यवार वाटणी याच नकाशावरून झाली, त्यामुळे एकेका घराच्या आव्हानाला वजन आलं.

बिलाबद्दल, एप्रिल २०२४ पासून मोठ्या कंपन्यांना प्रत्येक प्लॅनसोबत एक ठरावीक पट्टी दाखवावी लागते. खाण्याच्या पाकिटामागे पोषणाचा तक्ता असतो तशी. महिन्याचा दर, एकदाच लागणारे आकार, नेहमीचा वेग, डेटाची मर्यादा, सगळं एकाच नमुन्यात. भारतात पिनकोडच्या हिरव्या खुणेऐवजी घराचा पत्ता आणि आव्हान देण्याची सोय आली, तर रेवतीताईंसारख्यांचे पैसे आधीच अडकणार नाहीत.

लीड्सची_मीनल

इंग्लंडमधलं थोडक्यात. इथे १ एप्रिल २०१९ पासून आपोआप भरपाईची योजना आहे. सेवा गेली आणि कळवल्यानंतर पूर्ण दोन कामकाजाच्या दिवसांत आली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे पैसे बिलात जमा होतात. सुरुवातीला दिवसाला ८ पौंड होते. इंजिनिअर ठरलेल्या वेळी आला नाही तर २५ पौंड, नवीन लाइन ठरल्या तारखेला लागली नाही तर रोजचे ५. महागाईप्रमाणे आकडे दरवर्षी वाढतात. कंपन्या यात स्वेच्छेने सामील होतात, पण मोठ्या बहुतेक सगळ्या आहेत. मागावं लागत नाही, हेच त्यातलं महत्त्वाचं. माझ्या आईला पुण्यात अर्ज लिहायला बसावं लागतं, मला इथे बसावं लागत नाही.

सड्यावरचा

राजापूर तालुका. तुम्ही लोक १०० एमबीपीएसबद्दल बोलताय, आमच्या वाडीत रेंजसाठी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी माळावर, जावं लागतं. म्हणून हे नाव घेतलंय.

२०२४ च्या नियमांनी मोबाइल कंपन्यांना कव्हरेजचे नकाशे साइटवर ठेवणं भाग पडलं. चांगली गोष्ट. मी नकाशा उघडून बघितला. आमची वाडी फोरजीच्या रंगात रंगलेली. घरात बसून फोन लागत नाही, परसात काजूच्या झाडाखाली एक काडी येते, ती पकडून मुलगी कॉलेजचे फॉर्म भरते. मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमानी आले की तीही काडी जाते. पण रिचार्ज सगळ्यांसारखाच, २८ दिवसांचा.

वकीलसाहेबांनी सांगितलेल्या नियमांत मोबाइलसाठीही भरपाई आहे असं वाचलं. ती आम्हाला मिळते का?

ॲडव्होकेट_सातारा

सड्यावरचे दादा, इथे नियमाची उणीव आहे आणि ती स्पष्ट सांगायला हवी. मोबाइलमध्ये सेवा संपूर्ण जिल्ह्यात २४ तासांहून जास्त बंद राहिली तर पोस्टपेडला सूट आणि प्रीपेडला मुदतवाढ आहे. एका दिवसात १२ तासांहून जास्त बंद असेल तर तो पूर्ण दिवस धरतात. वादळासारख्या प्रसंगी हे उपयोगी आहे. पण जिल्हा हे माप फार मोठं आहे. रत्नागिरी शहरात टॉवर चालू आणि तुमच्या चार वाड्या आठवडाभर अंधारात, तर या कलमात ते बसत नाही.

सड्यावरचा

निसर्ग वादळात, जून २०२० मध्ये, दापोली-मंडणगडकडच्या आमच्या पाहुण्यांकडे वीजही नव्हती आणि फोनही नव्हता. मुंबईतली मुलं इकडे फोन लावून लावून रडकुंडीला आलेली. त्यांचे रिचार्ज तसेच संपून गेले. तेव्हा हा नियम नव्हता, आता आहे हे कळलं. पण नियम करणाऱ्यांनी माप गावाचं किंवा निदान टॉवरचं धरायला हवं होतं. कुठला टॉवर किती तास बंद, हे कंपनीच्या संगणकावर मिनिटामिनिटाला दिसत असतं ना?

स्प्लायसर_भाऊ

दिसतं. कंट्रोल रूममध्ये प्रत्येक टॉवरची आणि प्रत्येक ओएलटीची, म्हणजे घरांच्या फायबर लाइन जिथून निघतात त्या कंपनीकडच्या यंत्राची, अलार्म नोंद असते. घरचं फायबरही तसंच. तुमचा राउटर किती वाजता पडला आणि किती वाजता उठला, हे कंपनीला तुमच्याआधी कळतं. म्हणून अपिलात ‘माझ्या लाइनचा डाउनटाइम लॉग (लाइन कधी, किती वेळ बंद होती याची नोंद) द्या’ असं जरूर लिहा. त्यांनी दिला नाही तर तेही तुमच्या बाजूने जातं.

पिंपरीचा_निखिल

माझा प्रश्न वेगाचा. प्लॅन १०० चा, स्पीड टेस्टला ३५-४० येतात. कंपनी म्हणते ‘अप टू’ लिहिलंय.

स्प्लायसर_भाऊ

निखिल, आधी लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोड आणि मग टेस्ट कर. वायफायवरची टेस्ट घेऊन गेलास तर कंपनी तिथेच वाद संपवते. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर फ्लॅटच्या गर्दीत ३५-४० येणं नेहमीचं आहे, ५ वर जोडून बघ. डाउनलोड करताना दिसणारा आकडा मेगाबाइटमध्ये असतो, त्याला आठने गुण. सेकंदाला साडेबारा मेगाबाइट म्हणजे तुझे १०० पूर्ण आले. लॅनवरही रोज रात्री नऊ ते अकरा पडत असेल आणि पहाटे पूर्ण येत असेल, तर मागे गर्दी आहे. मग तक्रार खरी. दोन्ही वेळांचे स्क्रीनशॉट ठेव.

निवृत्त_लेखनिक

आणि निखिल, ‘अनलिमिटेड’ला मर्यादा आहे का ते बघा. बऱ्याच घरगुती प्लॅनना महिना ३,३०० जीबीची असते. ट्रायच्या २०१६ च्या निर्देशाप्रमाणे ५०, ९० आणि १०० टक्के वापर झाला की कळवायला हवं, आणि मर्यादा संपल्यावरही वेग ५१२ केबीपीएसच्या खाली नेता येत नाही. जानेवारी २०२३ पासून तर ब्रॉडबँड म्हणायलाच किमान २ एमबीपीएस लागतो.

ज्यांना कनेक्शन बंद करायचंय त्यांना एक कळकळीची सूचना. फोनवर ‘बंद करा’ सांगून थांबू नका. ईमेल करा, राउटर परत दिल्याची पोच घ्या, त्यावर राउटरचा सीरियल नंबर लिहून घ्या, आणि यूपीआय किंवा कार्डवरचं ऑटो-पे स्वतः जाऊन रद्द करा. आमच्या शेजारच्या काकूंचे राउटर परत दिल्यावरही पैसे कापले जात होते, आणि वर वसुलीवाल्याचे फोन. पोच होती म्हणून सुटल्या.

रेवती_मांजरी

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे अपेलेट ऑथॉरिटीला ईमेल केला. मजकूर इथे देते, कोणाला लागला तर घ्या:

‘महोदय, माझा ग्राहक क्रमांक अमुक. पैसे भरल्याची तारीख आणि सेवा प्रत्यक्ष सुरू झाल्याची तारीख सोबत आहे, मधल्या काळात सेवा नव्हती. त्यानंतर अमुक ते अमुक तारखेदरम्यान एलओएसमुळे सेवा पूर्ण बंद होती. डॉकेट क्रमांक, बंद केल्याचे मेसेज आणि राउटरचे फोटो जोडले आहेत. माझ्या लाइनचा डाउनटाइम लॉग द्यावा. दोन्ही काळांची रक्कम परत करावी. प्रत्यक्ष दुरुस्ती न करता तक्रारी कोणत्या आधारावर बंद केल्या, याचं लेखी उत्तर द्यावं.’

ईमेल गेल्यावर एका वरिष्ठ बाईंचा फोन आला, लाइन दुरुस्त झाली. बंद काळाचे दिवस पुढे वाढवून देतो म्हणाल्या. सुरुवातीच्या दिवसांबद्दल मात्र गप्प. वाढवून दिलेलं घ्यावं का? घेतलं तर बाकीचा हक्क जातो का?

ॲडव्होकेट_सातारा

घ्या. फक्त ‘हे अंशतः निवारण म्हणून स्वीकारत आहे, उरलेली मागणी कायम आहे’ अशी एक ओळ ईमेलने पाठवा. ‘पूर्ण समाधान झालं’ असं कुठल्याही लिंकवर किंवा ओटीपीने मान्य करू नका. अपिलाचा निकाल लेखीच मागा.

सड्यावरचा

वकीलसाहेब, आमच्या वाडीत एकेकट्याने जिल्ह्याला जाऊन लढणं होणार नाही. एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी धरली तर रिचार्जपेक्षा जास्त. सगळ्यांनी मिळून एकच तक्रार करता येते का?

ॲडव्होकेट_सातारा

येते. सगळ्यांची तक्रार आणि हित एकच असेल तर आयोगाच्या परवानगीने एक किंवा काही ग्राहक सर्वांच्या वतीने दाखल करू शकतात, २०१९ च्या कायद्याच्या कलम ३५ मध्ये तशी सोय आहे. नोंदणीकृत ग्राहक संघटनाही तुमच्या वतीने करू शकते. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून या कामात आहे, त्यांच्याशी बोलून बघा. तक्रार ऑनलाइन दाखल होते.

आधी प्रत्येकाने आपापल्या नंबरवरून कंपनीकडे तक्रार नोंदवून डॉकेट क्रमांक घ्यायला हवा. नकाशात वाडी रंगलेली दिसते त्याचा तारखेसकट स्क्रीनशॉट आणि त्याच दिवशी त्याच घरातून फोन दाखवत असलेली ‘नो सर्व्हिस’, दोन्ही शेजारी ठेवा. ग्रामपंचायतीचा ठराव जोडता आला तर उत्तम.

सड्यावरचा

ग्रामसभा १५ ऑगस्टला आहे, विषय घालायला सरपंचांना आजच अर्ज देतो. स्क्रीनशॉटचं काम मुलगी करेल. म्हाताऱ्यांच्या फोनवरून तक्रार कशी नोंदवायची ते तिलाच जमतं. तक्रार नोंदवायला फोन लागायला हवा आणि तो सड्यावरूनच लागतो, तर रविवारी सकाळी सगळ्यांना घेऊन वर जातो.

स्प्लायसर_भाऊ

दादा, सड्यावर जायच्या आधी प्रत्येकाच्या घरात उभं राहून फोनच्या सेटिंगमधला सिग्नलचा आकडा टिपून घ्या. ‘सिम स्टेटस’मध्ये डीबीएम दिसतो. उणे ११५ च्या पलीकडे असेल तर फोन धरवत नाही. घर क्रमांक, वेळ आणि आकडा, एका वहीत. काही अडलं तर इथे लिहा, मी रोज रात्री बघतो.